चांदण्याच्या तेवीस कॅसेटी : कामाच्या नोंदी

१२ ऑगस्ट २०२५, मंगळवार

अंगारकी. उपास सोडायला आत्याकडे शहापूरला गेले. श्रावणातल्या बेळगावात चंद्रोदय कॅलेंडरातच बघायचा. आत्याने खिडकीतून वर पाहिलं, ढगच ढग. म्हणाली, "वाजले की. उगवला असं समजायचं आणि ताटावर बसायचं." मग ताटावर बसल्यावर: "चंद्रच पायजे तर माळ्यावर हाय की. डब्यात."

बिस्किटांचा पत्र्याचा डबा. आत कॅसेटी. प्रत्येकीवर निळ्या बॉलपेनने 'चंद्र १', 'चंद्र २' असं करत २४ पर्यंत. १७ नंबर नाही. म्हणजे तेवीस. १९८२ ते १९९० या काळात रेडिओवर लागलेली चंद्राची आणि चांदण्याची तेवढी गाणी आत्याने धरून ठेवली होती. मराठी, हिंदी, मधूनच कन्नड. दुसरं कुठलंही गाणं नाही. का, म्हणून विचारलं तर "आवडायची" म्हणाली आणि ताक वाढलं.

सगळ्या कॉम्प्युटरवर घ्यायच्या ठरवल्या. ६० मिनिटांच्या सतरा, ९० मिनिटांच्या सहा. एकूण २६ तास. कॅसेट जितकी वाजते तितकाच वेळ ती उतरवायला लागतो, त्यात कुठलीही घाई चालत नाही. मी धरून चालले होते की पंधरा दिवसांत होईल.

नोंदी ठेवतेय कारण मला या कामाबद्दल जे वाचायला मिळालं ते "केबल जोडा, बटण दाबा" एवढंच होतं. दुसरं कारणही सांगून टाकते, नाहीतर पुढचं कळणार नाही. संध्याकाळी सात ते साडेदहा मला घरात बसायला जागा नसते. घर टिळकवाडीत आहे, स्वतःचं आहे, तीन खोल्या आहेत, जागा भरपूर आहे. लग्नाला एकोणीस वर्षं झाली. नवरा मारत नाही, पीत नाही, पगार घरात देतो. म्हणजे कुणाकडे तक्रार घेऊन जावं असं काहीच नाही. आज आमचं बोलणं झालं ते असं: "आत्याकडे जातेय." "किल्ली ने."

१६ ऑगस्ट

जुन्या सामानाच्या दुकानातून टेपडेक आणला. बाराशे सांगितले, नऊशेला दिला. दुकानात दिवा लागला, मोटरचा आवाज आला, त्यावर मी खूश. घरी येऊन प्ले दाबलं तर चाकं जागची हलेनात. कॅसेट सोबत नेऊन दुकानातच वाजवून बघायची, एवढं सुचायला हवं होतं.

दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने झाकण न उघडताच मान हलवली. "बेल्ट सिगूदिल्ल री." मिळत नाही. मग मराठीत: "ताई, दोनशेला ठेवून जावा, पार्टला होईल." उचलून परत आणला.

१७ ऑगस्ट, रविवार

झाकण उघडलं. रबरी बेल्ट वितळून काळ्या डिंकासारखा चाकांना चिकटलेला. तो हाताने ओढून काढायचा नाही, मी काढला. साबणाने गेला नाही, भांड्याच्या घासणीने गेला नाही, शेवटी खोबरेल तेलाने गेला. सोमवारी ऑफिसात नखं काळीच. चाकं पुसायला कापसाच्या काड्या आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल (१८० रुपये).

आजची दुसरी चूक मोठी. कॅसेटींना बुरशी होती, रिळाच्या कडेवर पांढरं पीठ धरल्यासारखी. बेळगावचा पाऊस चाळीस वर्षं माळ्यावर झिरपला की दुसरं काय होणार. दुपारी तासभर ऊन पडलं म्हणून सहा कॅसेटी गच्चीवर वाळत घातल्या, पापडासारख्या. दोन कॅसेटींची प्लास्टिकची कूस, म्हणजे बाहेरचं कवच, वाकली. वर सर आली ती वेगळीच. ओल काढायची तर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून आठवडाभर ठेवायचं. ऊन नाही, केस वाळवायचं यंत्र नाही, तांदूळही नको, तांदळाची पूड आत जाते.

२० ऑगस्ट

बेल्ट मागवायचा तर माप लागतं. जुना वितळलेला, मग दोरा घेतला. बेल्ट जसा फिरतो तसा चाकांभोवती फिरवला: साडेतेवीस सेंटिमीटर. ताण राहावा म्हणून त्यातून सहा टक्के कमी. बावीस सेंटिमीटर घेर, म्हणजे सात सेंटिमीटर व्यास. विक्रेत्याला '७० मिलिमीटर' कळवलं. त्याच्याकडे माप बेल्ट चपटा दुमडून घेतात, व्यासाने नाही. आठ दिवसांनी आला तो मुलीच्या वेणीला घालण्याजोगा. १४० रुपये पाण्यात. तुम्ही मागवताना माप घेराचं, व्यासाचं की दुमडलेलं ते आधी विचारा. नंतर वेगवेगळ्या मापांच्या बेल्टचं पाकीटच मागवलं, २६० रुपये, त्यातला एक बसला.

मधल्या दिवसांत धीर धरवेना म्हणून साधा रबरबँड लावून पाहिला. चाकं फिरली! 'तोच चंद्रमा नभात' लागलं आणि सुधीर फडके होडीत उभं राहून गात असल्यासारखे हेलकावत होते. मी खोलीत एकटीच हसले. बाहेरून आवाज आला, "दार लाव."

दुसऱ्या दिवशी डेक, लॅपटॉप, काड्या, सगळं रिक्षात घालून शहापूरला आत्याच्या माडीवर नेलं.

२७ ऑगस्ट

गणेश चतुर्थी. काम बंद. आत्या मोदकाच्या पाऱ्या करता करता, "आज चंद्र बघायचा नाही. ऐकला तर आळ येतोय काय, विचार भटजीला."

३१ ऑगस्ट

बुरशीवर. आधी मी तशीच कॅसेट पुढे-मागे पळवली होती. त्याने बुरशी हेडवर (फितीवरचा आवाज वाचणारा भाग), फीत ओढणाऱ्या रोलरवर, पुढच्या कॅसेटीवर, सगळीकडे. आता रीत बसली आहे ती अशी: तोंडाला मास्क, खिडकी उघडी. कॅसेटीचे पाच स्क्रू काढायचे. वरची कूस अलगद उचलायची, रिळं हलता कामा नयेत. मऊ ब्रशने रिळाची कड झाडायची. फीत ओढून पुसत बसायचं नाही. मग दोन्ही रिळं जशीच्या तशी दुसऱ्या धड कुशीत.

धड कुशी कुठून आणायच्या? जुन्या बाजारात वीस रुपयांना एक अशा पाच भजनांच्या कॅसेटी घेतल्या आणि त्यातलं भजन काढून टाकलं. हे आत्याला सांगितलेलं नाही.

ज्या कॅसेटींना स्क्रू नसतात, कडा चिकटवलेल्या असतात, त्या पातळ पात्याने उकलाव्या लागतात. तिथे दोन तास गेले आणि अंगठ्याला कापलं. आणखी एक बघायचं: फितीच्या मागे तांब्याच्या पट्टीवर लोकरीचा चिमुकला तुकडा असतो, तो फीत हेडवर दाबून धरतो. नऊ कॅसेटींत त्याचा डिंक वाळून तो पडलेला होता. तो नसेल तर आवाज येतो-जातो आणि माणूस उगाच डेकला शिव्या देतो. मीही दिल्या.

३ सप्टेंबर

लॅपटॉपच्या भोकात थेट केबल घातली. ते भोक मायक्रोफोनचं, आवाज फाटका आणि एकाच कानात. यूएसबीचं ध्वनी जोडयंत्र घेतलं, ६५० रुपये. मग घूं असा आवाज. चार्जर काढून बॅटरीवर चालवला, घूं गेली. पातळी सर्वात मोठ्या आवाजालाही लाल पट्टीच्या बरीच खाली ठेवली. नंतर वाढवता येतं, फाटलेलं शिवता येत नाही.

रात्री साडेनऊला 'चंद्र १', पहिली बाजू. हेडफोन लावून बसले.

पहिली गोष्ट कळली की आत्याने केबल लावलेलीच नव्हती. रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून त्याच्या स्वतःच्या माइकवर घेतलंय. त्यामुळे गाण्याबरोबर सगळी खोली आली आहे. खाली मामांचे चार माग होते (आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात), त्यांची खटखट. कुकरची शिट्टी. बाहेरून कुणीतरी कन्नडमध्ये दुधाचा हिशोब विचारतंय. सांगलीचं स्टेशन रात्री हळूहळू सरकतं आणि त्यात धारवाड शिरतं. एका ठिकाणी मराठी भावगीताच्या अंतऱ्यात 'चंदिरनेतके ओडुवनम्मा' हे कन्नड बालगीत मिसळलंय, चंद्र का ग पळतो आई, आणि दोन्ही गाणी थोडा वेळ एकाच चंद्राकडे बघत चालतात.

दुसरी गोष्ट. गाणं संपतं, आत्या बटण दाबायला जाते, तेवढ्या दोन-तीन सेकंदांत एक पुरुषाचा आवाज. "बंद कर ते." मग खट्. टेप थांबला.

मी ते मागे नेऊन परत ऐकलं. मामा. २०१९ ला गेले. मला त्यांचा आवाज आठवत होता तो खोकल्याचा आणि "चहा" म्हणण्याचा.

५ सप्टेंबर

एका संध्याकाळी एक कॅसेट, जास्त नाही. आत्याच्या निवडीत एक ढब दिसायला लागली आहे. चांदण्यातली लाडीगोडी कमी. 'चाँद फिर निकला' तीन वेगवेगळ्या दिवशी धरलंय. १९५७ च्या 'पेइंग गेस्ट'मधलं, मजरूहचं गीत, एस. डी. बर्मनची चाल, आणि लताबाई ज्याची वाट बघतात तो आलेला नाही. 'तोच चंद्रमा नभात' सात वेळा. सात! तेही शेवटचं कडवं तुटलेलं असलं तरी ठेवलेलं. शांताबाई शेळक्यांनी ते एका संस्कृत श्लोकावरून लिहिलं, मम्मटाच्या काव्यप्रकाशात तो श्लोक येतो. त्यात बाई म्हणते की नवरा तोच, चैत्रातल्या रात्री त्याच, वारा तोच, तरी मन दुसरीकडे ओढतं. संस्कृतातल्या बाईला निदान ओढायला नदीकाठ आहे. मराठीत तेवढीही सोय नाही. सगळं तेच आहे आणि काहीतरी गेलंय, बस्स.

मी हे गाणं शाळेपासून ऐकतेय. पोरीबाळी गॅदरिंगला म्हणायच्या. माझ्या कानाला ते छान सावकाश गाणं होतं. परवा माडीवर त्याच्यामागे माग चालू होते आणि मध्येच ते थांबले, वीज गेली असणार (रेडिओ आणि टेप दोन्ही सेलवर असावेत), आणि उरलेलं अर्धं गाणं एकदम शांततेत आलं. तेवढं मी चार वेळा ऐकलं. साडेदहा कधी वाजले कळलं नाही. घरी न जाता आत्याकडेच झोपले. फोन केला, "आज इकडेच." "बरं."

७ सप्टेंबर, रविवार. ग्रहण

रात्री ९:५७ ला स्पर्श, ११ पासून १२:२२ पर्यंत खग्रास. आत्या वेध पाळून बसलेली, मला म्हणाली आज त्या यंत्राला हात लावू नकोस. मी लावला. ढग फाटत होते, मिटत होते, मध्येच तांब्याच्या जुन्या पैशासारखा चंद्र दिसायचा. हेडफोन कानात, मान खिडकीकडे, आणि प्ले दाबताना बोट शेजारच्या लाल बटणावर. या डेकवर लाल दाबलं की प्ले आपोआप खाली जातं. कानात नुसती सूं. ते कळेपर्यंत अकरा सेकंद पुसले गेले होते. 'चाँद फिर निकला'चं सुरुवातीचं संगीत, तिसऱ्या वेळचं. गाणं कुठेही मिळेल. पण त्याच्या आधी आत्याचं काहीतरी बोलणं होतं, ते मी अजून नीट ऐकलेलंही नव्हतं.

अर्धा तास नुसती बसून होते. आत्याला सांगितलं. "तरी सांगितलो होतो," म्हणाली. (बेळगावात आत्याच्या वयाच्या बायका 'मी जातो, मी सांगितलो' असंच म्हणतात.) आणि अंघोळीला गेली.

८ सप्टेंबर

हे काम पहिल्या दिवशी करायचं असतं. कॅसेटीच्या मागच्या कडेला दोन छोटे चौकोनी दात असतात, एकेका बाजूसाठी एक. तो तोडला की त्या बाजूवर रेकॉर्डिंग होतच नाही, लाल बटण दबतच नाही. स्क्रूड्रायव्हरने एकेक दात तोडला. आत्याच्या कॅसेटींवर एकही आधी तोडलेला नव्हता. आत्याने चाळीस वर्षं तसेच ठेवलेले.

१४ सप्टेंबर

काही कॅसेटी डोक्यावर गोधडी घेऊन गायल्यासारख्या. हेडची मान तिरकी असते. हेडच्या शेजारी स्प्रिंगवाला बारीक स्क्रू असतो, तो वाजत्या कॅसेटीवर पाव-पाव फेरा फिरवायचा, 'स' आणि 'श' जिथे सर्वात टोकदार ऐकू येतील तिथे थांबायचं. आधी मूळ जागेवर नेलपॉलिशचा ठिपका द्या. मी ठिपका दिला नाही आणि एक पूर्ण संध्याकाळ वाट चुकले. आत्याचा रेकॉर्डर मध्ये कधीतरी बदललेला दिसतो: १ ते ९ ला एक कोन लागतो, १० च्या पुढे दुसरा.

२१ सप्टेंबर

डेक जलद चालतोय असा संशय. लताबाई लता वाटत नाहीत, कुणीतरी पंधरा वर्षांची वाटते. शहाणपणा सुचला: रेकॉर्डिंगमध्ये विजेची गुणगुण असते, ती ५० हर्ट्झची, तेव्हा ती कितीवर दिसते ते बघून वेग ठरवायचा. एका कॅसेटीवर ५१.६, दुसरीवर ५०.९, तिसरीवर ५१.९. दोन संध्याकाळी मोटरचा स्क्रू मागेपुढे करत घालवल्या. मग माझ्या ऑफिसातल्या एका जुन्या इलेक्ट्रिकलवाल्यांनी सांगितलं, "त्या काळी वीजच कुठे ५० वर ठाम असायची?" झालं. शेवटी साधी गोष्ट केली. तेच गाणं कंपनीच्या रेकॉर्डवर किती वेळ चालतं आणि माझ्याकडे किती, घड्याळ लावून मोजलं. माझ्याकडे सहा सेकंद लवकर संपत होतं, तीन टक्के जलद. मोटरच्या पाठीमागच्या भोकात बारीक स्क्रूड्रायव्हर घालून उलटा किंचित फिरवला. आधी उतरवलेल्या अकरा कॅसेटींचा वेग कॉम्प्युटरवर कमी केला.

२५ सप्टेंबर

फितीची सूं काढून टाकायचा प्रयोग. थोडा केला तर ठीक, मी हावरटासारखा केला. 'उगवला चंद्र पुनवेचा' विहिरीतून आल्यासारखं ऐकू यायला लागलं, बकुल पंडितांच्या तानांना पाण्याचे बुडबुडे. मागाची खटखट तर जातच नाही, ती सतत बदलते. जायला लागली की गाण्यातला तबलाही घेऊन जाते.

मग डोक्यात वेगळंच आलं. गाणी स्वच्छ करून मिळवायचं काय? ती सगळी स्वच्छ मिळतात. न मिळणारं आहे ते गाण्याच्या मागे आणि दोन गाण्यांच्या मध्ये. म्हणून ठरवलं, काही पुसायचं नाही. उलट एक वेगळं फोल्डर केलं, 'मधले आवाज'. वहीत नोंदत गेले. "बंद कर" चौदा वेळा. "रडगाणं" पाच. ताट आपटल्याचा आवाज तीन. आत्याचा आवाज फक्त दोनदा, दोन्ही वेळा "झालं, झालं."

खरं सांगायचं तर आता मी संध्याकाळी गाण्यासाठी थांबत नव्हते. त्या "झालं, झालं"साठी थांबत होते. माझ्या वयाची एक बाई, चाळीस वर्षांपूर्वी, याच माडीवर, गाणं पूर्ण संपेपर्यंत बटणावरचं बोट उचलत नाही. कुणी काही म्हणो. ती सोबत मला घरात मिळत नाही, ती इथे हेडफोनमध्ये मिळत होती आणि मी ती गुपचूप वापरत होते.

६ ऑक्टोबर, सोमवार. कोजागिरी

बावीस कॅसेटी झाल्या. आत्याला ऐकवायचं ठरवलं. मसाला दूध आटवलं, गच्चीवर चटई, छोटा स्पीकर. चंद्र विरळ ढगातून होता, पण होता. पातेल्यात पडला तेव्हा आत्याने नमस्कार केला.

तीन-चार गाणी चांगली गेली. ती बोटाने चटईवर ताल धरून होती. "हे सांगलीचं. ह्या बाईचा आवाज गोड, निवेदनाचा." मग 'तोच चंद्रमा' संपलं आणि मामा म्हणाले, "बंद कर ते."

आत्याचं बोट थांबलं. मी मूर्खासारखी उत्साहात तिला फोल्डर दाखवायला लागले. असे चौदा आहेत आत्या, सगळे वेगळे ठेवलेत, हे गाण्यापेक्षा महत्त्वाचं आहे, हा तुझा इतिहास आहे, वगैरे.

तिने पेला खाली ठेवला. "ते पूस."

"अगं, पण..."

"गाणी ठेव. मधलं पूस."

"आत्या, हे तुझं आहे सगळं."

"माझं हाय म्हणूनच सांगायलो." मग जरा वेळाने, नेहमीच्याच आवाजात: "अट्ठेचाळीस वर्षं ऐकला की तो. आता ह्या मशीनमधनंबी ऐकू? सतरा नंबर कुठं हाय विचारलीस नव्हं? बंबात घातला त्यानं. पाणी तापलं, अंघोळ केली त्या पाण्यानं. मी परत अठरा नंबर लिहिलो आणि चालू केलो." आणि माझ्याकडे न बघता, "तू कशाला बसतीस ऐकत? माझा नवरा हाय तो. तुझं तू बघ."

दूध गार झालं. साय धरली होती तशीच प्यालो.

९ ऑक्टोबर

कॉम्प्युटरवरचं पुसणं सोपं, अर्धा तास. फोल्डर गेलं. पेन ड्राइव्हवर एक प्रत होती ती दोन दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. मग आत्याला सांगितलं की अशी प्रत आहे. "पूस म्हटलो ना," म्हणाली. तिच्यासमोर पुसली. हे इथे लिहिणंही तिला विचारलंय. "लिही. आवाज कुठं हाय त्यात," म्हणाली.

११-१२ ऑक्टोबर

मूळ कॅसेटी. इथे माझं मीच तोंडात मारून घेतलं होतं: दात तोडलेले, आता त्यांवर रेकॉर्डिंग होत नाही आणि म्हणून पुसताही येत नाही. उपाय साधा, त्या चौकोनी भोकावर चिकटपट्टीचा तुकडा. पट्टी दोन पदरी लावा, एकपदरी दाबाने आत जाते.

पुसण्याची रीत: डेकला मागून काही जोडायचं नाही, रेकॉर्डिंगची पातळी शून्य. कॅसेट वाजवत त्या जागेपर्यंत न्यायची, गाण्याचा शेवटचा सूर विरला की थांबवायची. पॉज दाबून लाल बटण. पॉज सोडायचा, मनात मोजायचं, परत पॉज. चौदा जागा, प्रत्येक वेळी दोन ते चार सेकंद. आधी मी भजनांच्या उरलेल्या फितीवर सराव केला, वीसेक वेळा, कारण माझं बोट अर्धा सेकंद उशिरा उचललं जातं. तरी 'चंद्र ६'वर पुढच्या गाण्याचा पहिला सूर गेलाच. आत्याला ऐकवलं. "असू दे."

'चंद्र २१'वर आवाजाच्या पाठोपाठच आत्याचं "झालं, झालं" आहे, त्याला चिकटून. ते वाचवता येतं का बघितलं. येत नव्हतं, दोघांमध्ये श्वासाचीही जागा नाही. तिला विचारलं. तिने हात असा केला, घे म्हणून. पुसलं.

मग सगळ्या चिकटपट्ट्या सोलून काढल्या.

१५ ऑक्टोबर

खर्च: डेक ९००, बेल्ट १४० (चुकीचा) आणि २६०, अल्कोहोल १८०, यूएसबी ६५०, सिलिका जेल ९०, भजनांच्या कॅसेटी १००, स्क्रूड्रायव्हर संच १५०. एकूण २४७०. वेळ दोन महिने, त्यात निम्मा माझ्या चुकांचा.

राहिलेली एकच, 'चंद्र २३', नव्वदची, फीत पातळ असल्यामुळे रोलरमध्ये गुंडाळली जाऊन तुटली आहे. जोडायची पट्टी मागवली आहे. साधी चिकटपट्टी वापरू नका, तिचा डिंक हेडवर येतो. गुरुवारपासून रविवारपर्यंत मी आता इकडेच असते. नवऱ्याने काल फोनवर विचारलं, काम कधी संपणार. म्हटलं, एक राहिलीय. त्यावर तो थोडा वेळ लाइनवर होता, मग गॅसचं पुस्तक कुठे आहे ते विचारलं. सांगितलं.

बाकीच्या बावीस धूळ पुसून, क्रमाने, त्याच डब्यात ठेवल्या. डब्याला आतून प्लास्टिक लावलंय. १८ नंबर आत्याने हातात घेऊन मागेपुढे फिरवून पाहिली आणि परत दिली. १७ च्या जागी सिलिका जेलची पुडी बसते, अगदी मापात. पावसाळ्यात ती दर पंधरा दिवसांनी बदलायची.